फेकायच्या फेऱ्या

"राहू दे गं. आता बरंच बदललंय त्यात," प्रल्हाद म्हणाला, मान वर न करता, आणि पोह्यांची बशी घ्यायला त्याने हात पुढे केला.

एवढंच. भांडण नाही, आवाज चढलेला नाही. विनयाने एक बशी नवऱ्याच्या हातात दिली, दुसरी त्याच्या विद्यार्थ्याच्या, प्रितेशच्या, आणि ती स्वयंपाकघरात परत आली. ओट्यावर अर्धं लिंबू राहिलं होतं. ते तिने पिळलं, कशावर पिळतेय हे न बघताच, आणि रस मोरीत गेला. बाहेर टेबलावर एक आलेख पसरलेला होता. त्यातली रेघ डाव्या कोपऱ्यातून सपाट, ऐटीत येत होती आणि मध्येच जिन्यावरून पाय सटकावा तशी खाली कोसळत होती. बशीला जागा करता करता तिची नजर त्या कोसळण्यावर गेली आणि तोंडून निघून गेलं, "दोन्हीकडून केलंत का?" फळीवरून भांडं पडताना हात आपोआप पुढे जातो, तसा तो प्रश्न गेला. प्रितेशने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, हे तिने पाहिलं. मग सरांचं वाक्य ऐकून त्याने ते मिटलं आणि मुकाट्याने पोहे खाल्ले. 'राहू दे' हे तिला नवीन नव्हतं. बॅग उचलताना, फ्यूज घालताना, बँकेचा फॉर्म भरताना ते कानावर पडायचंच, आणि त्यात माया असते असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. बोचला तो 'आता'. आता म्हणजे कधीपासून? कुणीतरी कुठेतरी एक तारीख ठरवली होती आणि तिला कळवायचं तेवढं राहून गेलं होतं. विळीने कापलेल्या बोटाला लिंबाचा रस झोंबत होता आणि ते झोंबणं तिला बरं वाटत होतं.

'त्यात' म्हणजे कशात, हे सांगायला हवं. पदार्थाच्या पोटात क्वार्क नावाचे कण असतात आणि ते कधीच एकटे सापडत नाहीत. दोन क्वार्क एकमेकांपासून लांब ओढायला जावं तर मधली ओढ कमी होत नाही, तशीच राहते. असं का होतं हे समजून घेण्यासाठी काही माणसं अवकाश आणि काळ मिळून एक जाळी आहे असं धरतात, तिच्या प्रत्येक दुव्यावर एक आकडा ठेवतात आणि गणित मांडतात. या गणितात एक किल्ली असते, ओढीचा जोर कमी-जास्त करणारी. जोर जबर असला की क्वार्क कैदेत आहेत हे कागदावर दाखवता येतं. जोर क्षीण असला की पर्टर्बेशन थिअरी चालते, म्हणजे सोपं गणित आधी सोडवायचं, मग त्यात बारीकशी दुरुस्ती, त्या दुरुस्तीत आणखी बारीक दुरुस्ती. आपलं खरं जग या क्षीण टोकाला आहे. तेव्हा सगळा प्रश्न एवढाच उरतो की किल्ली हळूहळू फिरवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बिनधोक जाता येतं का, की वाटेत पाण्याचा बर्फ व्हावा तसं सगळं एकदम पालटतं. या पालटण्याला फेज ट्रान्झिशन म्हणतात. ते वाटेत असेल तर अलीकडे सिद्ध केलेलं पलीकडे कवडीच्या कामाचं नाही. प्रल्हादने जरा वेगळ्या घडणीची जाळी घेतली होती आणि तिच्यात असं पालटणं सापडल्याचा त्याचा दावा होता. ती कोसळणारी रेघ म्हणजे तोच दावा. तिच्या जोरावर पुढच्या महिन्यात त्याच्या संस्थेत बाहेरच्या मंडळींसमोर त्याचं व्याख्यान होतं, आणि व्याख्यान नीट झालं तर गेली सहा-सात वर्षं हुलकावणी देणारी प्रोफेसरकी. प्रितेशचा तर अख्खा थिसिस त्या रेघेवर उभा होता.

आणि हे सगळं विनयाला कळत होतं, ते काही बशा नेता-आणताना ऐकून नव्हे. विद्यापीठात दोघंही एकाच गाइडच्या हाताखाली होती. तो मशीनवर, ती कागदावर. जबर टोकाचं काम तिचं होतं. बारीक चौकोन एकमेकांना जोडून बंद डबे करायचे आणि असे किती तऱ्हेचे डबे होतात ते मोजत जायचं. एक डबा सुटला की पुढचं सगळं चुकलं. तिचा डबा सुटत नसे. गिरगावातल्या माहेरच्या गॅलरीत बसून, मांडीवर पाट घेऊन ती डबे मोजायची आणि शेजारणी म्हणायच्या, पोरगी नकाशे काढते. प्रल्हादला तेव्हा ती 'तू' म्हणायची. "तू विरजणाला विरजण लावतोयस," असं तिने त्याला कॅन्टीनमध्ये भर चहात सुनावलं होतं. कारण त्याची एक रीत होती. किल्ली एक घर पुढे सरकवली की जाळी नव्याने मांडायची, हा कायदा. तो तसं करत नसे. आधीच्या घरातली शेवटची जाळी तशीच उचलून पुढच्या घराला लावायचा, मशीनचे तास वाचतात म्हणून. "कालचा आंबटपणा उद्याच्या दह्यात उतरणारच," ती म्हणाली होती. "आणि तास काय तुझे बाबा देणार आहेत?" तो म्हणाला होता. दोघंही हसली होती. पुढे लग्न झालं, उमेळ्याला फ्लॅट घेतला, वर्षाच्या आत सासूबाईंना अर्धांगवायू झाला. "एक वर्ष," प्रल्हाद म्हणाला. तिने गाइडला तसंच सांगितलं. सासूबाईंसमोर नवऱ्याला अरेतुरे करणं बरं दिसेना म्हणून ती 'अहो, तुम्ही' म्हणू लागली, अर्धं गमतीत. सासूबाई अंथरुणात सात-आठ वर्षं राहिल्या, अखेर सुटल्या. त्या गेल्यावर 'तू' परत यायला हवं होतं. खोलीत तर आता दोघंच होती. एकदा तिने म्हणून पाहिलं, "तू जेवतोस ना?" आणि प्रल्हादने अशा नवलाने वर पाहिलं की तिने पाण्याचं भांडं पुढे सरकवलं आणि "वाढू का तुम्हाला?" असं विचारलं. कारण गेलं तरी परिणाम जागचा हलत नाही, हे तिने पूर्वी पुस्तकात वाचलं होतं.

तिचा संसार वाईट होता असं कुणी म्हटलं नसतं, तिनेही नाही. बारीक बारीक दुरुस्त्यांनी तो छान चालला होता. आज त्याला उशीर, उद्या हिने गप्प बसायचं. यंदा दिवाळीला माहेर नाही, पुढल्या वर्षी दोन दिवस जास्त. पर्टर्बेशनच्या त्या दुरुस्त्यांची एक खोड असते. सुरुवातीला त्या लहान लहान होत जातात, माणूस सुखावतो, आणि मग कधीतरी त्या पुन्हा मोठ्या व्हायला लागतात. जाणकार माणूस सर्वांत लहान दुरुस्तीपाशी थांबतो आणि पुढचं बघत नाही. विनया तिथे मजेत थांबलेली होती. त्या शनिवारी पोह्यांबरोबर पुढची दुरुस्ती आली आणि ती मोठी होती.

सोमवारी प्रल्हाद गेल्यावर तिने आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरची खोळ काढली. पेंटियम होता, सत्त्याण्णवच्या गुढीपाडव्याला घेतलेला. खोळ तिनेच शिवली होती, कडेला लेस लावून, आणि या यंत्राशी तिचा आजवरचा संबंध म्हणजे ती खोळ. प्रोग्रॅम जमेपर्यंत तिचे बरेच दिवस गेले. जुनं आठवेना, आठवलं ते चुके, दुपारची वीज जायची आणि सगळं पुसलं जायचं. ठरावीक फेऱ्यांनंतर जाळी डिस्कवर उतरवून ठेवायची युक्ती तिला विजेनेच शिकवली. एकेक दुवा घ्यायचा, त्याचा आकडा फासे टाकल्यासारखा बदलायचा, सगळी जाळी फिरून झाली की एक फेरी, आणि फेरीअखेर सगळ्या जाळीचा मिळून एक सरासरी आकडा. मांडणी दोन तऱ्हांची असते. थंड, म्हणजे सगळे दुवे एकसारखे, कवायतीला उभ्या पोरांसारखे. आणि गरम, म्हणजे शाळा सुटल्यावर जशी ती पोरं दिसतात तसे. दोन्हीकडून निघायचं, आणि दोन्हीकडचं उत्तर एकच आलं तरच विश्वास ठेवायचा. सुरुवातीच्या फेऱ्या मात्र फेकून द्यायच्या. जाळीला आपण कुठून निघालो ते अजून आठवत असतं, आणि आठवण असते तोवर तिचं बोलणं खरं धरायचं नसतं. प्रल्हादची रेघ थंड बाजूची होती, फक्त थंड बाजूची, ते तिला आलेख बघताक्षणी दिसलं होतं. तिने गरम बाजू घेतली आणि प्रत्येक घरात जाळी नव्याने मांडली. जेवण उरकून ती पडद्यासमोर बसायची. मागे बागेतली केळी सळसळायची, यंत्राच्या कुशीवर तळवा ठेवला की ती गरम लागायची, तापलेल्या धुळीचा वास यायचा, आणि तिला आपण कुणाच्या तरी अंगाशी बसलो आहोत असं वाटायचं. सासूबाईंचं अंग पुसताना तिला असं कधी वाटलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या क्लेमेंटीनबाई, ज्यांच्या वाडीवर ही बिल्डिंग उभी राहिली होती, एकदा जिन्यात म्हणाल्या, "विनयाबाई, दुपारभर तुमच्याकडे घूं घूं चालतं. शिवण घेता काय बाहेरचं? घेत असाल तर माझे दोन झगे आहेत."

"घेते," विनया म्हणाली. खरंच घेतले आणि शिवूनही दिले, कारण खोटं बोलायचं तर ते निगुतीने.

उत्तर आलं ते असं की तिथे काही पालटतच नव्हतं. रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालत गेली, पायरी नाही, घसरण नाही. मग तिने थंड बाजूही केली, जाळी नव्याने मांडून, फेऱ्या भरपूर देऊन, आणि तीही मुकाट्याने येऊन पहिलीला मिळाली. प्रल्हादने प्रत्येक घराला फेऱ्या कमी दिल्या होत्या आणि मागची जाळी पुढे लावत नेली होती. बिचारी जाळी मागच्या घराच्या आठवणीत वर अडकून राहायची आणि मग एकदम भान येऊन खाली यायची. त्या भान येण्याला तो फेज ट्रान्झिशन म्हणत होता. विरजणाला विरजण. वीस वर्षांत माणूस तसूभर बदलला नव्हता, आणि म्हणे बरंच बदललंय त्यात. विनया हसली. एकटीच, मोठ्याने, तोंडावर पदर घेऊन हसली आणि मग तिला रडूही आलं, कारण तिला हे जमलं होतं, आणि ते सांगायला जगात एकच माणूस होता.

सांगायचंच होतं तिला. त्या संध्याकाळीच सांगायचं होतं. पण तो आला तो गुणगुणत आला, आणि जेवताना म्हणाला, "व्याख्यानाला तूही चल. मागे बसशील. नंतर चहापाणी असतं, बायकांनाही बोलावतात." तिने आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्याला इस्त्रीचा शर्ट सापडला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोनवर कुणाला तरी सांगितलं की रेघ इतकी स्वच्छ आहे की शंका घ्यायला जागाच नाही, आणि विनयाने दारामागून ते एखादा गोड पदार्थ चघळावा तसं ऐकलं. मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला मजा येतेय. ते लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं ती त्याच्यासमोर रिकाम्या हाताने वावरली होती आणि आता तिच्या मुठीत काहीतरी होतं, आणि मूठ उघडली की ते त्याचं होणार होतं. तो म्हणाला असता, "अरे, बरं झालं हं," आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं त्याच्या बॅगेत गेलं असतं. पूर्वीही असं झालेलं होतं. तिच्या डब्यांची मोजणी त्याच्या थिसिसमध्ये होती, आणि पुढे आभार होते, तिच्या सहनशीलतेबद्दल. तिला वाटे, एकदा, फक्त एकदा, याला भर सभेत कुणीतरी तोच प्रश्न विचारावा. मग आपण सांगू. मग मूठ उघडू.

व्याख्यानाच्या आधीच्या आठवड्यात प्रितेश आला, दुपारी, एकटाच. वटारहून सायकल मारत आल्यामुळे घामाघूम. हातात सुक्या केळीच्या पानात बांधलेली सुकेळी होती, घरच्या केळ्यांची, उन्हात वाळवलेली. त्याचा थोरला भाऊ वाडी बघायचा म्हणून याला शिकता येत होतं, आणि ते कळावं म्हणूनच की काय, आई दर खेपेला काहीतरी बांधून द्यायची. "पानी देता का मॅडम थोडं?" असं म्हणून तो खुर्चीच्या कडेवर बसला. सरांसमोर तो असं बोलत नसे. पाणी संपवून त्याने भांडं दोन्ही हातांत धरून ठेवलं.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत ना, दोन्हीकडून केलं का म्हणून."

"मी? विचारलं असेल. मला काय कळतंय त्यातलं."

"नाही, बरोबर होतं ते. माझ्या पण डोक्यात तेच येतंय सारखं. आपण एकाच बाजूने आलोय. मी सरांना बोललो एकदा, ते बोलले कॉम्प्युटर टाइम कुठून आणायचा. पण मॅडम, तिथे कुणी विचारलं तर? तुम्ही बोलाल का त्यांच्याशी? तुमचं ऐकतील ते."

विनयाला हसू आलं, ते तिने गिळलं. आतल्या खोलीत यंत्र चालू होतं. कपाटात, साड्यांच्या घडीखाली, तिचा आलेख होता, तिने पेन्सिलने काढलेला, आणि त्यातली रेघ सरळ होती. उठून पाच पावलं गेलं असतं तर झालं असतं. या पोराच्या चेहऱ्यावरचा तो ताण, ते भांडं धरून बसणं, सगळं एका मिनिटात संपलं असतं. पण मग तो धावत सरांकडे गेला असता. सर वाचले असते.

"आत काय कॉम्प्युटर चालू आहे?" प्रितेशने विचारलं.

"सोसायटीचं टायपिंग करते."

"मॅडम, तुमच्या पीसीवर केलं तर? छोटी जाळी घेऊ. मी रोज येईन दुपारचा, तुम्हाला त्रास नाही देणार. हॉट स्टार्ट करून नुसतं बघू. जमलं तर आधीच कळेल सरांना."

तो आशेने बघत होता. तिला त्याची दया आली, खरोखर आली, आणि दयेखाली ती मजा तशीच जागी होती. त्या दोघींत कोण जास्त हट्टी हे विनयाला त्या क्षणी कळलं, आणि कळूनही तिने थांबवलं नाही. "राहू दे, प्रितेश," ती म्हणाली. "सरांना कळतं ते. तू आपला थिसिस लिही." स्वतःचा आवाज ऐकताना तिला त्यात माया असल्यासारखं वाटलं. प्रितेशने भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. सर एवढे सिनियर आहेत," आणि त्याला हायसं वाटलेलं दिसलं, ते तिला सगळ्यात लागलं. जाताना तो तिला थँक्यू म्हणाला. तिने गॅलरीतून पाहिलं तर तो सायकलची साखळी बसवत होता आणि तोंडाने काहीतरी शीळ घालत होता. तिने सुकेळी उघडली आणि तिथेच उभ्याने खाल्ली. गोड होती.

व्याख्यानाला ती गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. दिवसभर तिने घर झाडलं, पुसलं, पितळेची भांडी चिंचेने घासली, आणि मनातल्या मनात ती सभा भरवली, मोडली, पुन्हा भरवली. प्रत्येक वेळी कुणीतरी उठायचं आणि प्रल्हादचा चेहरा पांढरा पडायचा. त्यापुढे तिची कल्पना जात नसे. प्रल्हाद उन्हं कलायच्या आत परत आला आणि बूट न काढता दिवाणावर बसला. विनयाने पाणी दिलं. ती तिथेच उभी राहिली.

"मद्रासचे एक म्हातारे गृहस्थ होते," तो म्हणाला. "सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, दोन्ही बाजूंनी केलंत का? मी म्हटलं, वेळ नव्हता. तर म्हणाले, मग ही घसरण जाळीची नाही, तुमच्या घाईची आहे. हसले लोक."

हसले लोक. ते तिला हवं होतं आणि ते झालं होतं. आता मूठ उघडायची. "अहो," तिने सुरुवात केली.

"पण निभावलं," प्रल्हाद पुढे म्हणाला. "मी सरळ सांगितलं की फेऱ्या विद्यार्थ्याने चालवल्यात आणि त्याने घाई केली. मागची जाळी पुढे लावत गेला. मला कळलं नाही हा माझा दोष, म्हटलं. ते पटलं सगळ्यांना. प्रोफेसरकी काही यंदा होत नाही, पण नाक राहिलं." त्याने बुटाची नाडी सोडली. "पोरगा तिथेच बसला होता. काही बोलला नाही. बोलणार काय? चालवल्या त्यानेच होत्या."

"आणि त्याचा थिसिस?"

"थिसिस कसला आता? नव्याने करायचा तर आणखी तीन-चार वर्षं, आणि स्कॉलरशिप संपली त्याची. शिवाय घाई केली असं नाव झाल्यावर दुसरा कोण घेणार?" मग त्याने तिच्याकडे पाहिलं, बऱ्याच वर्षांनी पाहावं तसं. "तू त्या दिवशी विचारलं होतंस ना गं हे?"

सबंध दिवस, सबंध महिना ती या वाक्याची वाट बघत होती. ते आलं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मागची जाळी पुढे लावायची रीत कुणाची, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते बोलायचं तर बाकीचंही बोलावं लागलं असतं, कपाटातलं, दुपारचं, टायपिंगचं. "मी? आठवत नाही बाई," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पुढचं फार सोपं झालं. पाचव्या दिवशी प्रल्हाद जेवताना म्हणाला, "तू घरी असतेस दिवसभर. मशीन आहे. जुनं थोडं आठवत असेल तर तूच का नाही चालवत त्या फेऱ्या? दोन्हीकडून. पालटणं नाही असं निघालं तरी तोही पेपर होतो. तुझं नाव घालू. पहिलं घाल हवं तर." तो मनापासून बोलत होता. विनयाने घास ताटात परत ठेवला, कारण पहिल्या नावाची ती जागा प्रितेशची होती हे दोघांनाही ठाऊक होतं आणि त्याचं नाव दोघांपैकी कुणीही उच्चारलं नाही. "बघते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने साड्यांखालचा आलेख फाडला, डिस्कवरच्या जुन्या जाळ्या पुसल्या आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहायला घेतला. प्रल्हादने दोन-तीन संध्याकाळी तिला समजावलं, थंड म्हणजे काय, गरम म्हणजे काय. तिने मान हलवली. मधूनच चुकलीसुद्धा, त्याला दुरुस्त करता यावं म्हणून. तिला वाटलं होतं की आता सुख होईल, आणि थोडंसं झालंही.

आवराआवरी सगळी झाली असं वाटत असतानाच प्रितेश आला. हातात या वेळी बांधलेलं काही नव्हतं, सरांची दोन पुस्तकं आणि फ्लॉपींचा डबा होता. "सर नसतील ना?" त्याने आधी विचारलं. नाहीत म्हटल्यावर आत आला, पण बसला नाही. चंदनसारला एक क्लास निघाला होता, अकरावी-बारावीचा, तिथे त्याला लावून घेतलं होतं. "बरं आहे, मॅडम. पोरं बरी आहेत," तो म्हणाला. विनयाला त्याला जाऊ द्यावंसं वाटेना. त्याने थोडं हसावं, पाणी मागावं, तिला मॅडम म्हणून काहीतरी विचारावं, असं तिला इतकं तीव्रतेने वाटलं की ती म्हणाली, "ये ना, दाखवते तुला. सरांनी मलाच बसवलंय आता."

आतल्या खोलीत पडद्यावर आकडे उतरत होते. खोळ बाजूला घडी करून ठेवलेली होती. प्रितेश उभ्यानेच वाकून बघू लागला आणि त्याचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा झाला, बघणाऱ्याचा. "हॉट स्टार्ट ना? सरांच्या उडीच्या जागी?"

"हो. सकाळीच मांडली या घराची जाळी. सगळ्यात पहिलं हेच घेतलंय."

"पॉइंट चार आठ. अजून खूप खाली आहे."

"चढेल की," विनया उत्साहाने म्हणाली. कुणाशी तरी हे बोलायला मिळत होतं, खरं बोलायला, चुकल्याचं सोंग न करता. "सावकाश चढते ती इथे. पॉइंट पाच सहा नऊला येऊन थांबेल बघ. थंड बाजू पण तिथेच येते. तुमची यायच्या आतच तुम्ही किल्ली फिरवलीत."

पंखा फिरत होता. प्रितेशने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे, जिथे पॉइंट चार आठचं पॉइंट चार नऊसुद्धा झालेलं नव्हतं. कुठे थांबणार हे कुणी आधी सांगू शकत नाही. ते सांगता येत असतं तर या धंद्यातल्या कुणालाच मशीन लागली नसती. विनयाने खोळ उचलली आणि पुन्हा ठेवली.

"म्हणजे मी आलो होतो तेव्हा झालेलं होतं हे," प्रितेश म्हणाला. विचारलं नाही त्याने, नुसतं म्हणाला. "आत चालू होतं ते टायपिंग नव्हतं."

काहीतरी बोलायला हवं होतं. माफ कर म्हणता आलं असतं, आणि तो शब्द तिच्या जिभेवर आलाही होता. पण त्याच्या पाठीमागे प्रल्हाद होता, पहिलं नाव होतं, सबंध घर होतं, आणि तिला त्या पोराचा अचानक राग आला, त्याने अजून इथे उभं राहावं याचा.

"त्या सुरुवातीच्या फेऱ्या होत्या, प्रितेश," ती म्हणाली. "त्या धरायच्या नसतात."

त्याने मान डोलावली, शंका फिटल्यावर वर्गात डोलवायचा तशी. बाहेरच्या खोलीत येऊन फ्लॉपींचा डबा टीव्हीवर ठेवला, पुस्तकं त्यावर नीट रचली, आणि चपला हातात घेऊनच तो जिना उतरून गेला.